मोहाचा हंगाम आणि शहराची फेरी

वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या, चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात खरिपाचे पीक घरात आल्यापासून मृगाच्या पावसापर्यंत कोरडवाहू शेतीत फारसे काम उरत नाही. तरीही रोख पैशाच्या दृष्टीने हाच काळ वर्षातला सर्वांत भरगच्च असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडते, त्यामागोमाग चारोळी येते, मेच्या सुरुवातीला तेंदूपत्त्याची तोड सुरू होते, लग्नसराईमुळे बुरडकामाला मागणी असते, चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते, ताडोबात पर्यटकांची गर्दी होते आणि नेमक्या याच आठवड्यांत तेलंगणातील मिरचीच्या शेतांकडे मजुरांच्या टोळ्या निघतात. त्यामुळे या भागातील कुटुंबापुढे काम नसल्याची अडचण क्वचितच असते. चार-पाच कामे एकाच वेळी दारात उभी राहतात आणि त्यांपैकी कोणते धरावे व कोणते सोडावे हे ठरवणे हीच खरी अडचण ठरते. उन्हाळ्यात जोडधंदा करू पाहणाऱ्या आणि त्यासाठी चंद्रपूर किंवा नागपूरची वाट धरणाऱ्या कुटुंबांना ही निवड हिशेबाने करता यावी, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

जोडधंदा म्हणजे मुख्य उपजीविकेला, म्हणजे येथे शेतीला, जोडून केलेला असा व्यवसाय की ज्यात कुटुंबाचे स्वतःचे श्रम अधिक आणि बाहेरून आणलेले भांडवल कमी असते. या व्याख्येतच त्याची मोठी जोखीम दडलेली आहे. घरचे श्रम फुकट धरले जातात, शहरापर्यंतचा प्रवास ‘जाता-जाता’ झाला असे मानले जाते आणि विक्रीतून हाती आलेली सगळी रक्कम नफा समजली जाते. वास्तविक, शहराची फेरी हा उन्हाळी जोडधंद्यातील बहुधा सर्वांत मोठा रोख खर्च असतो, आणि तो आटोक्यात ठेवण्याचा मार्ग शहरात पोहोचल्यावर सापडत नाही. माल कोणत्या रूपात, किती प्रमाणात आणि कोणत्या आठवड्यात न्यायचा हे गावातच ठरलेले असावे लागते.

या हिशेबात मोहफुलाला पहिले स्थान द्यावे लागते. मोहाची फुले रात्री उमलून पहाटेपर्यंत जमिनीवर गळतात, त्यामुळे वेचणी भल्या सकाळी करावी लागते. फूल स्वच्छ दिसावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची जुनी सवय अनेक ठिकाणी आहे. परंतु उन्हाळी वणव्यांचे ते एक मोठे कारण आहे, आणि माती व राख लागलेल्या फुलाला खाद्यपदार्थासाठी भावही मिळत नाही. पाला झाडून बाजूला करणे, किंवा फुलोऱ्याच्या दिवसांत झाडाखाली बारीक जाळी अथवा जुन्या साड्या पसरणे, हा उपाय अल्पखर्चिक आहे आणि त्यामुळे एकाच झाडाच्या फुलाची प्रत बदलते. वेचणीला अंधारात एकट्याने जाऊ नये. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांची संख्या मोठी आहे, वाकून फुले वेचणारी व्यक्ती वाघाला माणूस म्हणून सहज ओळखू येत नाही, आणि पहाट ही त्याच्या हालचालीची वेळ असते. चार-पाच जणांनी मिळून, उजाडल्यावर आणि आवाज करत जाण्याने काही फुले गुरांच्या तोंडी गेली, तरी ते नुकसान सोसण्याजोगे आहे.

ताज्या फुलात पाण्याचा अंश पुष्कळ असल्याने सुकल्यावर वजन बरेच घटते. म्हणून ओल्या फुलाचा आणि सुकलेल्या फुलाचा भाव कधीही एकमेकांशी ताडून पाहू नये. कडक उन्हात चार-पाच दिवस, जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा बांबूच्या तट्ट्यावर फूल वाळवले, तर ते मनुक्याप्रमाणे लालसर तपकिरी राहते. हंगामात प्रत्येक घरी फूल असते आणि रोकड कोणाकडेच नसते, म्हणून भाव उतरतो; पावसाळ्यात आणि सणावारांच्या तोंडावर तेच फूल महाग होते, आणि पुष्कळदा ज्याने एप्रिलमध्ये ते विकले त्यालाच ते ऑगस्टमध्ये चढ्या भावाने विकत घ्यावे लागते. व्यापाऱ्याची कमाई बहुतांशी या मधल्या तीन-चार महिन्यांची असते. त्या कमाईचा काही भाग गावात राहायचा असेल, तर सगळे फूल एकदम न विकता निदान एक हिस्सा हवाबंद पिंपात किंवा आत प्लास्टिकचे अस्तर असलेल्या पोत्यात, भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवावा. फुलात साखर भरपूर असल्याने ओल लागताच ते आंबते व त्याला कीड धरते. त्यामुळे जे घर पावसाळ्यात गळते, त्या घरात साठवण करण्यापेक्षा बचत गटाच्या किंवा ग्रामसभेच्या एका कोरड्या खोलीत सर्वांचे फूल नावानिशी, वजनाची नोंद करून ठेवणे अधिक सुरक्षित ठरते.

मोहफुलाभोवती कायद्याची भीती अजूनही घोटाळते, म्हणून वस्तुस्थिती स्पष्ट करणे आवश्यक आहे. 2021 मध्ये राज्य शासनाने मोहफुलाचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील जुने निर्बंध शिथिल केले. मात्र परवान्याविना दारू गाळणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हाच आहे, आणि आष्टीचा पूल ओलांडून वैनगंगेपलीकडे जाताच सुरू होणाऱ्या गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. फुलाचा व्यापार करणाऱ्याने या दोन गोष्टींमधली रेषा स्वतःच्या व्यवहारात ठळक ठेवावी. शहरी ग्राहकापुढे फूल नेताना ते लाडू, सरबताचा पाक किंवा निवडून-धुऊन सुकवलेल्या स्वच्छ फुलांची लहान पाकिटे या रूपात न्यावे. त्यामुळे मोहाकडे केवळ दारूच्या नजरेने पाहणारा ग्राहकही थांबून विचारतो, आणि एका किलो फुलाची किंमत पोत्यातल्या फुलापेक्षा वेगळ्या पातळीवर जाते.

चारोळीचे गणित याहून कठोर आहे. चार या झाडाच्या फळातली टणक बी फोडली की आत चारोळीचा दाणा मिळतो. मिठाईवाला आणि किराणा व्यापारी या दाण्याला जो भाव देतो, तो सालासकट बीच्या भावाच्या कित्येक पट असतो. केंद्र शासनाने गौण वनोपजासाठी, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या फुले, फळे, बिया, पाने यांसाठी किमान आधारभूत किंमत ठरवण्याची पद्धत 2013-14 पासून सुरू केली, आणि मे 2020 मध्ये सालासकट चारोळीच्या बीची किंमत किलोमागे 109 रुपयांवरून 126 रुपये करण्यात आली. बी विकायला काढण्यापूर्वी त्या वर्षीचा चालू दर आदिवासी विकास महामंडळाच्या कार्यालयात विचारून घ्यावा, कारण हा दर ठाऊक नसलेला विक्रेता पहिल्या बोलीलाच मान डोलावतो. बी घरी फोडून दाणा विकणे अर्थातच अधिक किफायतशीर असते, परंतु दाण्यात तेल असल्याने उन्हाळ्याच्या उष्णतेत तो लवकर खवट होतो. म्हणून बी सालासकट साठवावी आणि शहराच्या फेरीआधी चार दिवस जेवढी लागेल तेवढीच फोडावी. दुसरा माणूस आधी तोडून नेईल या धास्तीने कच्ची फळे उतरवली, किंवा फांद्याच छाटल्या, तर दाणा भरलेला नसतो आणि पुढच्या वर्षीचे झाडही जाते. तोडीचा दिवस संपूर्ण गावाने मिळून ठरवणे एवढाच त्यावरचा उपाय आहे.

गावाने मिळून ठरवण्याची गोष्ट या तालुक्याला नवी नाही. गोंडपिपरी तालुक्यातीलच पाचगावच्या ग्रामसभेला 2012 मध्ये सुमारे 1,006 हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक वनहक्क मिळाला. सामूहिक वनहक्क म्हणजे 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार गावाने परंपरेने वापरलेल्या जंगलाचे व्यवस्थापन करण्याचा आणि त्यातील गौण वनोपजाची मालकी सांगण्याचा ग्रामसभेचा अधिकार; या कायद्याच्या व्याख्येत बांबूही गौण वनोपजात मोडतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने 2009 मध्ये हा हक्क मिळवला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, त्यानंतर या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक गावांना ती वाट खुली झाली. पाचगावचे वेगळेपण असे की तेथील ग्रामसभेने बांबूची विक्री स्वतःच्या हाती घेतली, परंतु तेंदूपत्ता तोडणे बंद केले, कारण पानांसाठी झाडे छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात आणि खाण्याजोगी टेंभरे, म्हणजे तेंदूची फळे, मिळेनाशी होतात. ज्या गावाला रोख पैशाची गरज इतर कोणत्याही गावाइतकीच होती, त्याने एक उत्पन्न समजून-उमजून सोडले आणि दुसरे बळकट केले, ही बाब जोडधंद्याची निवड करणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने अभ्यासावी अशी आहे.

प्रत्येक गाव तेंदू सोडू शकेल असे नाही, आणि तशी अपेक्षाही धरता येत नाही. जे कुटुंब तोडीला जाते, त्याने मोजणी मात्र स्वतः ठेवावी. महाराष्ट्रात 70 पानांचा एक पुडा आणि 1,000 पुड्यांची एक प्रमाण गोणी धरली जाते. फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे देताना त्या दिवसाचा आकडा कार्डावर लिहून घेतला नाही, तर मजुरीच्या वेळी आणि पुढे बोनसच्या वेळी वाद घालण्यास आधार उरत नाही.

बांबूच्या कामाला शहराची फेरी सर्वांत अधिक लागते, कारण सूप, टोपली, परडी, डाली या वस्तू वजनाने हलक्या असल्या तरी जागा फार व्यापतात. बसमध्ये वीस टोपल्या नेणे अवघड जाते. एकात एक बसतील अशा उतरत्या मापांच्या टोपल्या विणल्या, तर तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक माल जातो. लग्नसराईत सूप आणि परडी यांना ठरलेली मागणी असते, म्हणून ओळखीच्या भांडी दुकानदाराकडून किंवा मंडपवाल्याकडून मागणी आधी घेऊन मगच विणायला बसावे. शहरातील नवा ग्राहक दिव्याची झाकणे, पेनदाण्या, भेटवस्तूंच्या टोपल्या अशा वस्तू विचारतो. त्या शिकण्यासाठी चंद्रपूर-मूल मार्गावर चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि पारंपरिक बुरडकामाचा हात असलेल्या तरुणांनी तेथील प्रशिक्षणाची चौकशी अवश्य करावी.

आता फेरीचा हिशेब. समजा, एक महिला 10 किलो तयार माल घेऊन गोंडपिपरीहून चंद्रपूरला गेली. सोयीसाठी जाण्या-येण्याचे बसभाडे 100 रुपये, शहरातील ऑटोचे 60, चहा-जेवणाचे 80 आणि त्या दिवशी बुडालेली मजुरी 300 रुपये धरली, तर फेरीचा खर्च 540 रुपये होतो, म्हणजे किलोमागे 54 रुपये. हाच माल तीन कुटुंबांनी मिळून 30 किलो केला, एकच जणी घेऊन गेली आणि जास्तीच्या हमालीचे 60 रुपये धरले, तर खर्च 600 रुपये, म्हणजे किलोमागे 20 रुपये होतो. गावात मिळणारा भाव आणि शहरात मिळणारा भाव यांतला फरक पहिल्या स्थितीत 54 रुपयांहून अधिक नसेल, तर शहरात जाऊनही ते कुटुंब तोट्यात असते, फक्त त्याला तो तोटा दिसत नाही. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत. बुडालेली मजुरी मात्र कोणीही वगळू नये. शहराच्या फेरीला दवाखाना, बँक, शाळेचा दाखला, पंपाचा सुटा भाग अशी कामे जोडली, तर भाड्याचा भार वाटला जातो. परंतु विक्री ही सकाळची पहिली गोष्ट ठेवावी, कारण कार्यालये दहानंतर उघडतात आणि ग्राहक उन्हाळ्यात दहानंतर घरात शिरतो.

प्रवासाची रीतही उन्हानेच ठरवावी लागते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 47 अंशांच्या पुढे गेल्याची नोंद आहे, आणि दुपारी बारा ते चार या वेळेत उघड्यावर बसून केलेली विक्री उष्माघाताच्या जोखमीमुळे मुळीच परवडत नाही. पहाटेच्या पहिल्या बसने कोठारी-बल्लारपूर मार्गे निघून दुपारपूर्वी विक्री उरकावी, भर दुपार सावलीत, शक्यतो बसस्थानकात किंवा ओळखीच्या घरी काढावी आणि उतरत्या उन्हात परतावे. पाण्यासोबत मीठ-साखरेचे पाणी किंवा ताक सोबत ठेवावे. घाम येणे थांबून अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, तर तो थकवा समजू नये. ओल्या कपड्याने अंग गार करीत थेट रुग्णालय गाठावे. एसटीच्या साध्या बसपासून सर्व प्रकारच्या बसमध्ये महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मे भाडे लागते, 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 26 ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आहे आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मी सवलत आहे; वय दाखवणारे ओळखपत्र जवळ असावे, आणि ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे हे तेलंगणाकडे निघताना ध्यानात असावे. नागपूर चंद्रपूरपासून सुमारे 150 किलोमीटरवर आहे. मुक्काम टाळायचा असेल, तर बल्लारशाह स्थानकावरून जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक पाहूनच मालाचा दिवस ठरवावा. बल्लारशाह हे दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावरील जंक्शन असून तेथूनच मूल, नागभीड, वडसा मार्गे गोंदियाकडेही गाडी जाते, त्यामुळे बाजार एकच न मानता दोन-तीन मानता येतात.

बाजाराची निवड मालावर अवलंबून असते. सालासकट चारोळीची बी, हिरडा, आमचूर असा टिकाऊ माल मोठ्या प्रमाणात असेल, तर नागपूरच्या इतवारीतील घाऊक व्यापाऱ्याला आधी थोडा नमुना दाखवून भाव घ्यावा आणि मग पोते न्यावे; पोते घेऊन गेलेल्या विक्रेत्याला परतीचे भाडे वाचवण्यासाठी मिळेल तो भाव घ्यावा लागतो. लहान पाकिटांसाठी चंद्रपूरचा गोल बाजार आणि वसाहतींमधील घरपोच विक्री बरी. महाकालीच्या चैत्र यात्रेला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेड-परभणीकडून, मोठ्या संख्येने भाविक येतात व झरपट नदीच्या परिसरात मुक्काम करतात. त्यांना ताक, पन्हे, टोपल्या, परड्या आणि घरी नेण्याजोगा लहानसा रानमेवा हवा असतो. यात्रेत बसण्याच्या जागेविषयी महानगरपालिकेकडे आधी चौकशी करावी. ताडोबाचे पर्यटक एप्रिल-मेमध्ये सर्वाधिक असतात, पण गोंडपिपरीहून ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारापर्यंत जाऊन रस्त्यावर बसणे प्रवासखर्चात परवडणारे नाही. तेथील निवासव्यवस्था चालवणाऱ्यांना मोहाचे लाडू किंवा बांबूच्या वस्तू ठोक पुरवणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे, आणि गाभा क्षेत्र 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत बंद राहत असल्याने त्यांचे देणे जूनपूर्वी वसूल करून घ्यावे.

खाद्यपदार्थ विकणाऱ्याला अन्नसुरक्षा नोंदणी लागते. 2011 च्या विनियमांत 12 लाख रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या लहान व्यावसायिकासाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी आणि वर्षाला 100 रुपये शुल्क ठेवले होते. अर्जाच्या वेळी चालू मर्यादा पाहून घ्यावी. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला काही देऊ नये. तराजू वैधमापन विभागाने पडताळलेला असावा. जंगलातला बांबू किंवा अन्य उपज गावाबाहेर नेताना वाहतूक परवाना सोबत ठेवावा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात तो ग्रामसभेची समिती देऊ शकते. भांडवलासाठी बचत गटाचे अंतर्गत कर्ज सर्वांत बरे, त्यानंतर मुद्रा योजनेतील 50,000 रुपयांपर्यंतचे शिशू कर्ज; मोहफूल देण्याच्या अटीवर व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल मात्र टाळावी, कारण ती घेताच भाव ठरवण्याचा हक्क जातो.

मिरची तोडणीचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे, कारण खम्मम-वरंगलकडे कुटुंब गेले की मोहाचा हंगाम हातून जातो. मिरचीची मजुरी एकरकमी दिसते, काही ठिकाणी मिरचीच्या रूपातही मिळते, आणि ज्या घरात मोहाची झाडे नाहीत किंवा कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे, त्या घरासाठी ती आवश्यकच असते. तेथे जाणाऱ्यांनी किलोमागचा दर, राहण्याची जागा आणि परतीचे भाडे कोण देणार हे निघण्यापूर्वी मुकादमाकडून चार माणसांसमोर ठरवून लिहून घ्यावे, मुकादमाचे पूर्ण नाव व शेतमालकाचे गाव ग्रामपंचायतीत नोंदवून ठेवावे, शिधापत्रिका आधारशी जोडलेली आहे याची खात्री करावी म्हणजे दुसऱ्या राज्यातही धान्य उचलता येते, आणि मालवाहू वाहनात माणसे कोंबून नेणाऱ्या टोळीसोबत जाऊ नये. तोडणीत हातमोजे व नाकावर कापड असावे. घरातील दोघांनी मिरचीला जाणे आणि वृद्धांनी व उरलेल्यांनी मोह वेचणे अशी विभागणी अनेकदा सोयीची पडते. शाळेची वार्षिक परीक्षा असलेली मुले मात्र यांपैकी कोणत्याही कामासाठी ओढली जाऊ नयेत.

हंगामातील शेवटची फेरी जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, मृग लागण्यापूर्वी व्हावी. त्या फेरीत उरलेला चारोळीचा दाणा विकून टाकावा, कारण तो पावसाळा काढत नाही, आणि परतताना खरिपाचे बियाणे परवानाधारक विक्रेत्याकडून पक्क्या पावतीवर घ्यावे. पिशवीवरील लेबल व पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवावी, कारण बियाणे उगवले नाही तर तक्रारीसाठी हीच कागदपत्रे मागितली जातात. साठवलेल्या मोहफुलाची पिंपे त्याच आठवड्यात एकदा उघडून, फूल पुन्हा एक दिवस उन्हात घालून, झाकणे घट्ट लावावीत.